कंपायलरची कुरकुर

एक्सव्ही६ ही एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम आहे. १९७५ सालच्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेली ही सिस्टिम एमआयटीमध्ये २००६ साली केवळ शिकवण्यासाठी लिहिली गेली. तिचा सोर्स कोड छापला तर शंभरेक पानांत बसतो, म्हणून आयआयटी मुंबईसह जगभरच्या अनेक संस्थांत ऑपरेटिंग सिस्टिमचा विषय तिच्या आधारे शिकवतात. आता समजा, एखाद्या विद्यार्थ्याने तिची एखादी जुनी प्रत उतरवून घेतली आणि नव्याकोऱ्या लिनक्सवर ‘मेक’ची आज्ञा दिली. दहा-वीस फाइली भराभर कंपाइल होतात आणि शेलच्या फाइलीशी गाडी अडते. कंपायलर म्हणतो की ‘रन-सीएमडी’ या फंक्शनमध्ये अनंत रिकर्शन आहे, म्हणजे ते स्वतःला बोलावतच राहणार, कधी थांबणार नाही.

विद्यार्थी चक्रावतो. कोड एमआयटीच्या प्राध्यापकांचा, हजारोंनी चालवून पाहिलेला, आणि त्यात अनंत रिकर्शन?

मूळ कोड पाहिला तर उलगडा होतो. वापरणाऱ्याने टाइप केलेली आज्ञा चालवणे हे या फंक्शनचे काम. आज्ञेत पाइप असेल तर डाव्या आणि उजव्या तुकड्यासाठी ते स्वतःलाच बोलावते. आज्ञा साधी असेल तर ‘एक्झेक’ करून ही प्रोसेस आपली जागा दुसऱ्या प्रोग्रामला देऊन टाकते. काहीही झाले तरी शेवटी ‘एक्झिट’ आहेच. म्हणजे रिकर्शन आहे, पण टाइप केलेल्या आज्ञेइतकेच खोल. मग कंपायलरला ते अनंत का वाटले? कारण हे फंक्शन बोलावणाऱ्याकडे परत येईल अशी एकही वाट त्याला सापडली नाही. ‘एक्झिट’ कधी परतत नाही हे त्याला आधीच सांगितलेले आहे, त्यामुळे त्या वाटा त्याने हिशेबातून वगळल्या. उरल्या फक्त स्वतःला बोलावणाऱ्या. ही तपासणी जीसीसी या कंपायलरच्या २०२२ सालच्या बाराव्या आवृत्तीत नव्याने आली. त्याआधीच्या आवृत्त्यांना याच कोडबद्दल काही म्हणायचे नव्हते. आणि एक्सव्ही६च्या मेकफाइलमध्ये ‘प्रत्येक सूचनेला चूक समज’ असा पर्याय लावलेला असल्यामुळे साध्या सूचनेवर, म्हणजे वॉर्निंगवर, अख्खी बांधणी थांबली.

इथे दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे मेकफाइलमधून तो पर्याय काढून टाकायचा. बहुतेक जण घाईत हेच करतात. दुसरा म्हणजे ‘रन-सीएमडी’च्या घोषणेला ‘नो-रिटर्न’ हा ॲट्रिब्यूट जोडायचा, म्हणजे ‘हे फंक्शन परतत नाही आणि ते मुद्दाम तसे आहे’ असे कंपायलरला सांगायचे. एक ओळ वाढते, सूचना जाते, आणि कोड वाचणाऱ्या पुढच्या माणसालाही ती गोष्ट कळते. एक्सव्ही६च्या नंतरच्या आवृत्तीत हाच दुसरा उपाय आहे.

कर्नल बांधताना येणाऱ्या बहुतेक वॉर्निंगांची कुळकथा अशीच असते. कंपायलर मनाशी काही गृहीत धरून बोलतो. त्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक असते, किंवा त्याच्या उलट. यातले नेमके काय घडले आहे हे ओळखणे हेच सगळे काम. वॉर्निंग गप्प करणे हा त्याचा एक भाग, आणि तोही दुय्यम.

साध्या प्रोग्रामपेक्षा कर्नलच्या बाबतीत हे जास्त जाचक का, ते आधी पाहू. सी भाषेच्या प्रमाणकात कोड चालण्याच्या दोन परिस्थिती मानल्या आहेत. पहिलीत खाली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, हाताशी पूर्ण लायब्ररी आहे, ‘मेन’पासून सुरुवात होते आणि संपल्यावर कुणीतरी आवरून ठेवते. दुसरी ‘फ्रीस्टँडिंग’. तिथे खाली फक्त यंत्र. प्रिंटएफ नाही, मॅलॉक नाही, फाइल नाही. ‘एसटीडीइंट’, ‘एसटीडीडेफ’, ‘एसटीडीआर्ग’ अशा मोजक्या हेडर फाइली मिळतात, बाकी सारे आपले आपण लिहायचे. कर्नल हा या दुसऱ्या वर्गातला. पण आपल्या लॅपटॉपवर उबुंटूबरोबर येणारा जीसीसी पहिल्या वर्गातले प्रोग्राम बनवण्यासाठी सज्ज केलेला असतो. खाली लिनक्स आहे असे धरूनच तो चालतो. तुम्ही लिहीत असता ती खालची वस्तूच, हे त्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून अनुभवी मंडळी पहिल्याच दिवशी ‘क्रॉस कंपायलर’ बांधून घ्यायला सांगतात. ज्याच्या डोक्यात कुठलीच ऑपरेटिंग सिस्टिम नाही असा. या कामात अर्धा दिवस जातो आणि अनेकांना तो वाया गेल्यासारखा वाटतो. नाही केले तर काय होते? लिंकर ‘स्टॅक-चेक-फेल’ नावाचे फंक्शन सापडत नाही म्हणून अडतो, कारण उबुंटूच्या जीसीसीने न विचारता स्टॅकच्या संरक्षणाचा कोड आत घातलेला असतो आणि तो ज्या लायब्ररीच्या भरवशावर असतो ती इथे नसतेच. कधी ‘ग्लोबल ऑफसेट टेबल’ची तक्रार येते, कारण तोच जीसीसी मेमरीत कुठेही बसवता येईल असा प्रोग्राम बनवायला निघालेला असतो. एकेक पर्याय बंद करत हेही निस्तरता येते. पण अर्धा दिवस वाचवायला गेलेला माणूस दोन दिवस घालवून बसतो, असेच बहुधा होते.

बरे, वॉर्निंगा आल्या आणि पडदा भरून गेला. आता कुठून सुरुवात करायची? आधी सगळे पुसून नव्याने बांधा, म्हणजे ‘मेक क्लीन’ आणि मग ‘मेक’. बदललेल्या फाइली तेवढ्याच पुन्हा कंपाइल करायच्या हा ‘मेक’चा धर्म. त्यामुळे काल आलेली वॉर्निंग आज दिसली नाही तर ती सुटलीच असे नव्हे. ती फाइल आज कंपाइलच झालेली नसते. मेकफाइलमध्ये हेडर फाइलींची नोंद नीट नसेल तर याहून वाईट प्रकार घडतो. स्ट्रक्चरमध्ये एक फील्ड वाढवले, चार फाइली नव्या मापाने बनल्या, पाचवी जुन्याच मापाने राहिली. वॉर्निंग एकही नाही आणि कर्नल मात्र भलत्याच ठिकाणी कोसळतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग पहिली वॉर्निंग वाचायची, शेवटची नव्हे. टर्मिनल तळाशी थांबते म्हणून डोळे तळाच्या ओळीवर जातात, पण मूळ बहुधा वर असते. एक हेडर राहिले की खाली वीस तक्रारी उगवतात. आणि बोलतो आहे कोण, हेही पाहावे. कंपायलर, असेंब्लर आणि लिंकर हे तिघे वेगळे, तिघांच्या ओळी एकाच पडद्यावर येतात, आणि लिंकरच्या तक्रारीवर सी फाइलीत तासन्‌तास औषध शोधणारे पुष्कळ.

आता सगळ्यात घातक वॉर्निंगकडे येऊ. तिचे नाव ‘इंप्लिसिट डिक्लरेशन’. एखादे फंक्शन न सांगता-सवरता वापरले, त्याचे हेडर जोडले नाही, तर जुन्या सी भाषेच्या रीतीप्रमाणे कंपायलर समजतो की ते इंट परत देते. १९९९च्या प्रमाणकाने ही सवलत काढून घेतली, तरी जीसीसीने ती नुसत्या वॉर्निंगवर चालू ठेवली होती. २०२४च्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र ती सरळ चूक ठरते. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने हे एक वर्ष आधीच केले. त्यामुळे जुन्या कर्नलांची बांधणी आज धडाधड अडते आणि लोक जुना जीसीसी शोधत फिरतात. ते फिरणे चूक का, ते एका उदाहरणातून दिसते.

समजा, ‘के-ॲलॉक’ हे फंक्शन मेमरीचे एक पान देते, म्हणजे ६४ बिटांचा पत्ता परत करते. घोषणा राहून गेली. कंपायलर समजला की ते ३२ बिटांचा, चिन्हासह असलेला इंट देते. म्हणून त्याने वरचे ३२ बिट टाकून दिले आणि पत्ता पुन्हा ६४ बिटांचा करताना खालच्या अर्ध्याचा सर्वांत वरचा बिट वरच्या अर्ध्यात भरला. आता हीच चूक तीन ठिकाणी ठेवून पाहा. पहिले ठिकाण म्हणजे इंटेलच्या मशीनवर मेमरीचे पत्ते जसेच्या तसे वापरणारा छोटा कर्नल, क्यूएमू या एम्युलेटरमध्ये १२८ एमबी मेमरीवर. सगळे पत्ते दोन जीबीच्या आतले, वरचे बिट शून्यच, त्यामुळे काही बिघडत नाही. वर्षभर चालेल. तोच कर्नल आठ जीबीच्या खऱ्या मशीनवर नेला आणि दोन जीबीच्या पलीकडचे पान मिळाले की कोसळला. दुसरे ठिकाण म्हणजे पत्त्यांच्या अगदी वरच्या दोन जीबीत राहणारा कर्नल. तिथे तर गंमतच आहे. तुटलेला पत्ता चिन्ह भरून वाढवला की पुन्हा अचूक मूळ पत्ताच तयार होतो! चूक स्वतःच स्वतःला दुरुस्त करते आणि कर्नल वाढून हीप दुसरीकडे हलवेपर्यंत लपून राहते. तिसरे ठिकाण एक्सव्ही६ची आजची रिस्क-फाइव्ह आवृत्ती. त्या यंत्राची मेमरी बरोबर दोन जीबीच्या रेषेपासून सुरू होते, म्हणून प्रत्येक पत्त्याचा तो बिट एक असतो, वरचा अर्धा भाग एकांनी भरतो आणि पहिलेच पान वापरताना कर्नल कोसळतो. तिघांत नशीबवान हा तिसराच, कारण त्याला चूक पहिल्या दिवशी कळली.

याच कुळातली दुसरी वॉर्निंग म्हणजे इंटचा पॉइंटर करताना माप जुळत नसल्याची. ३२ बिटांचा कर्नल ६४ बिटांवर नेताना ती शेकड्यांनी येते. पत्ता इंटमध्ये कधीच ठेवू नये, ‘यूइंटपीटीआर-टी’ हा त्यासाठीचा प्रकार वापरावा, इतकेच तिचे म्हणणे. ते ऐकावे.

काही वॉर्निंगा मागून घ्याव्या लागतात. कर्नलमध्ये आपण स्वतःचा प्रिंटएफ लिहितो, नाव काहीही द्या, ‘के-प्रिंटएफ’ म्हणू. खऱ्या प्रिंटएफमध्ये ‘%डी’च्या जागी भलताच प्रकार दिला तर कंपायलर ओरडतो, पण आपला प्रिंटएफ त्याला ओळखीचा नाही, म्हणून तो गप्प. घोषणेला ‘फॉरमॅट’ हा ॲट्रिब्यूट लावून ‘पहिले आर्ग्युमेंट प्रिंटएफसारखे वाच’ असे सांगितले की मध्यम आकाराच्या कर्नलमध्येही एकदम डझनावारी वॉर्निंगा पडतात, आणि बहुतेक खऱ्या असतात. ३२ बिटांच्या इंटेल मशीनवर आर्ग्युमेंटे स्टॅकवर एकापाठोपाठ ठेवली जातात. ‘मेमरी %डी, डिव्हाइस %एस’ या ओळीत मेमरीचा आकडा ६४ बिटांचा दिला तर तो स्टॅकवर आठ बाइट अडवतो. ‘%डी’ त्यातले चारच उचलतो. उरलेले चार बाइट ‘%एस’च्या वाट्याला जातात आणि तो त्यांना नावाचा पत्ता समजून तिथली मेमरी छापायला जातो. आकडा बरोबर छापला गेला, नाव मात्र कचरा! माणूस डिव्हाइसच्या कोडमध्ये दोष शोधत बसतो. ६४ बिटांच्या मशीनवर आर्ग्युमेंटे रजिस्टरांतून जात असल्याने गफलत वेगळी होते. पाच जीबीचा आकडा ‘%डी’ने छापला की एक जीबी दिसतो. डीबगिंगसाठी ज्या प्रिंटवर आपली सगळी भिस्त, तीच खोटे बोलते. हा ॲट्रिब्यूट लावायला एक मिनिट लागते. न लावण्याला कारण नाही.

न वापरलेल्या व्हेरिएबलची वॉर्निंग त्या मानाने किरकोळ. ओळ काढून टाका, संपले. फक्त हार्डवेअरशी बोलणाऱ्या कोडमध्ये हात आवरावा. कीबोर्डच्या इंटरप्टमध्ये पोर्ट ६०, हेक्साडेसिमलमध्ये, वाचून त्याचे मूल्य एका व्हेरिएबलमध्ये ठेवलेले असते आणि ते पुढे कुठेच वापरलेले नसते. कंपायलर म्हणतो, भरले पण वापरले नाही. कुणी सरळमार्गी माणूस ती ओळच उडवतो. त्यानंतर कीबोर्डचे एक बटण चालते आणि पुढे काही नाही, कारण ते पोर्ट वाचणे हीच कीबोर्ड कंट्रोलरला ‘मिळाले, पुढचे पाठव’ अशी पावती असते. इथे मूल्य नको असते, वाचणे हवे असते. व्हेरिएबल काढावे, वाचण्याची क्रिया ठेवावी आणि तिच्यापुढे ‘व्हॉइड’ लिहून फेकल्याचे स्पष्ट करावे.

कधी कंपायलर खरेच चुकतो. पीसीवर एसीपीआयची कोष्टके शोधताना मेमरीतल्या ४०ई या हेक्साडेसिमल पत्त्यावरचे दोन बाइट वाचावे लागतात. बायोसने तिथे एक खूण ठेवलेली असते. जीसीसीच्या बाराव्या आवृत्तीला हे पसंत नाही. शून्य लांबीच्या ॲरेच्या बाहेर हात घातला, असे ती सांगते. कोणता ॲरे? कोडमध्ये ॲरेच नाही! कारण असे, की ४०९६च्या खालचा कोणताही ठोक पत्ता दिसला की जीसीसी समजतो, इथे नल पॉइंटरवर काहीतरी मिळवले गेले आहे. साध्या प्रोग्रामच्या बाबतीत तो अंदाज अगदी योग्य, कारण तिथे पहिले पान ऑपरेटिंग सिस्टिम कधी देत नाही. ४०ई म्हणजे दशमानात १०३८, तो या सापळ्यात अडकतो. पडद्यावर अक्षरे उमटवण्याची जागा बी८००० वर, ती बरीच वर असल्याने सुटते. ‘व्होलाटाइल’ लावून ही वॉर्निंग जात नाही, अनेक जण ते करून पाहतात. ‘मिन-पेजसाइझ’ हे परिमाण शून्यावर आणले की जाते. तेवढ्या एका फाइलीपुरते आणावे; सगळ्या कर्नलला लावले तर नल पॉइंटरच्या खऱ्या चुकाही त्याबरोबर झाकल्या जातात.

लिंकरच्या वॉर्निंगांत ऑगस्ट २०२२च्या बिनयुटिल्स २.३९ने मोठी भर घातली. एक म्हणते, तुमच्या कर्नलच्या सेगमेंटला वाचणे, लिहिणे आणि चालवणे या तिन्ही परवानग्या आहेत. दुसरी म्हणते, या असेंब्ली फाइलीत जीएनयू-स्टॅकची टीप नाही, सबब स्टॅकवरचा कोडही चालवता येईल असे धरले जाईल. दोन्ही सुरक्षेच्या दृष्टीने रास्त. पण त्या कुणाला उद्देशून आहेत? ईएलएफ फाइलीतल्या या परवानग्या पाळणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम वरचा प्रोग्राम लोड करते, तिला. कर्नलला लोड करणारा बूटलोडर सहसा त्यांच्याकडे बघत नाही. खऱ्या परवानग्या कर्नल स्वतःची पेज टेबले बनवतो तेव्हा ठरतात. एक्सव्ही६ बांधताना पहिली वॉर्निंग येते, आणि तरी तिच्या पेज टेबलात कोडचा भाग वाचण्या-चालवण्यापुरता आणि डेटाचा भाग वाचण्या-लिहिण्यापुरता असा नीट वेगळा केलेला आहे. तेव्हा ही वॉर्निंग बंद केली तर पाप नाही. मात्र तुमचा कर्नल सगळी मेमरी तिन्ही परवानग्यांनी मॅप करत असेल, तर लिंकरने चुकीच्या कारणाने का होईना, बरोबर जागी बोट ठेवलेले असते.

‘एंट्री सिंबॉल सापडला नाही, अमुक पत्ता धरतो’ ही लिंकरचीच तिसरी वॉर्निंग. दिसायला साधी, पण तिला हसण्यावारी नेऊ नये. असेंब्लीतल्या ‘स्टार्ट’ लेबलला ‘ग्लोबल’ म्हणायचे राहिले की ती येते. लिंकर तरीही कर्नल बनवून देतो आणि सुरुवात कोडच्या पहिल्या बाइटपासून धरतो. तुमची बूटची फाइल नशिबाने पहिली असेल तर सगळे चालते. पुढे महिन्याभराने मेकफाइलमध्ये एक नवी फाइल तिच्या आधी येते आणि यंत्र थेट भलत्याच फंक्शनमध्ये शिरते.

खरी भीती वॉर्निंग न येण्याची आहे. तपासण्यांचा सर्वपरिचित पर्याय ‘डब्ल्यू-ऑल’ नाव काहीही सांगो, सगळ्या तपासण्या करत नाही. ‘डब्ल्यू-एक्स्ट्रा’ जोडला तरी बऱ्याच उरतात. एक्सव्ही६मध्ये प्रत्येक प्रोसेसला कर्नलचा स्टॅक ४०९६ बाइटांचा मिळतो. फंक्शनच्या आत तेवढाच एक बफर घोषित केला तर कंपायलर या दोन्ही पर्यायांसह शांत राहतो. त्याच्या लेखी स्टॅक मेगाबाइटांत मोजायचा असतो. ‘फ्रेम-लार्जर-दॅन’ हा पर्याय मर्यादेसह द्यावा लागतो, मग तो बोलतो. लिनक्समध्ये हा पर्याय कायम असतो. शिवाय चालवताना लांबी ठरणारे ॲरे तिथे २०१८ अखेरपर्यंत एकूण एक काढून टाकले गेले, त्यामागेही स्टॅकची हीच चणचण होती.

याहून खोल पाणी २००९ साली लिनक्सच्या ‘टन’ ड्रायव्हरमध्ये दिसले. तिथे एका फंक्शनमध्ये पॉइंटर आधी वापरला होता आणि पुढच्या ओळींत तो नल आहे का, ते तपासले होते. जीसीसीचा तर्क असा की पॉइंटर वापरून झाला, म्हणजे तो नल असूच शकत नाही. नल असता तर प्रोग्राम तिथेच मेला असता. म्हणून त्याने पुढची तपासणी निरर्थक ठरवून काढून टाकली. वॉर्निंग नाही. साध्या प्रोग्राममध्ये हा तर्क बरोबर आहे, कारण शून्य पत्त्याला हात लावला की कर्नल मारतो. पण इथे कर्नलच होता, आणि शून्य पत्त्यावर कुणा वापरकर्त्याने आधीच स्वतःचे पान मॅप करून ठेवले असेल तर मरण येतच नाही. त्यातून साध्या वापरकर्त्याला यंत्राचा पूर्ण ताबा मिळवता येत होता, आणि तसे करून दाखवलेही गेले. तेव्हापासून नलच्या तपासण्या काढू नकोस, असे लिनक्स बांधताना जीसीसीला स्पष्ट सांगितले जाते. छोट्या कर्नलनेही सांगावे.

इंटेलच्या ६४ बिटांवरचा ‘रेड झोन’ही तसाच. लिनक्ससारख्या सिस्टिमवर स्टॅकच्या टोकाखालचे १२८ बाइट कुणी विस्कटणार नाही असे वचन प्रोग्रामला मिळालेले असते, आणि छोटी फंक्शने टोक न हलवता तिथेच आपली व्हेरिएबले ठेवतात. हे वचन देतो कर्नल. कर्नलच्या आत इंटरप्ट आला तर यंत्र स्वतःच त्या १२८ बाइटांवर आपली माहिती टाकते, त्याला कुणाचे वचन ठाऊक नसते. परिणाम असा की एखादे व्हेरिएबल हजारात एकदा, टायमरचा इंटरप्ट नेमक्या क्षणी आला तर बदलते. ‘नो-रेड-झोन’ हा पर्याय विसरल्याबद्दल जगातला कोणताही कंपायलर वॉर्निंग देत नाही.

आणि ‘मेमसेट’. फ्रीस्टँडिंग असला तरी जीसीसीला मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंपेअर ही चार फंक्शने तुमच्याकडून हवीच असतात. तुम्ही मेमसेट लिहिता, आत एक साधा लूप. ऑप्टिमायझर तो लूप पाहतो, ‘अरे, हा तर मेमसेट!’ म्हणून त्या जागी मेमसेटला बोलावणे टाकतो. आता मेमसेट मेमसेटला बोलावते, स्टॅक संपतो, यंत्र रीसेट होते. जुन्या जीसीसीवर हे अनेकांनी भोगले. एक्सव्ही६च्या निर्दोष शेलमध्ये अनंत रिकर्शन दिसणाऱ्या कंपायलरच्या पूर्वजांनी स्वतःच अनंत रिकर्शन तयार करावे आणि चकार शब्द काढू नये, हा विनोदच म्हणायचा. अशा वेळी वॉर्निंगांची यादी वाचून उपयोग नसतो. ‘ऑब्जडंप’ने तयार झालेला मशीन कोड उघडून पाहावा लागतो.

राहता राहिला सुरुवातीचा प्रश्न, की प्रत्येक वॉर्निंगला चूक मानणारा पर्याय ठेवावा की काढावा. सप्टेंबर २०२१मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्स ५.१५साठी तो सर्वांना लागू केला. वेगवेगळे कंपायलर आणि वेगवेगळी यंत्रे वापरणाऱ्यांच्या बांधण्या पटापट तुटल्या आणि थोड्याच दिवसांत तो केवळ चाचणीच्या बांधणीपुरता आपोआप लागू राहील असा बदल झाला. मला दोन्ही बाजू पटतात, पण वेगवेगळ्या जागी. स्वतः लिहीत असताना तो पर्याय असावाच. त्याचा एक फायदा क्वचितच सांगितला जातो. वॉर्निंग आली की ऑब्जेक्ट फाइल बनतच नाही, त्यामुळे पुढच्या ‘मेक’ला ती वॉर्निंग लपू शकत नाही. पण तोच कोड दुसऱ्याला देताना, ज्याच्याकडे तीन वर्षांनी निघालेला, आज अस्तित्वात नसलेल्या तपासण्या करणारा कंपायलर असेल, तेव्हा तो पर्याय म्हणजे टाइमबॉम्ब. एक्सव्ही६च्या जुन्या प्रतींचे तेच झाले.

तेव्हा कर्नल लिहायला घेणार असाल तर तपासण्यांचे सगळे पर्याय पहिल्या फाइलीपासून लावा. पाच हजार ओळी झाल्यावर लावले तर पडद्यावर येणारा लोंढा पाहून तुम्ही ते परत काढाल. एखादी वॉर्निंग बंद करावी लागलीच तर त्या ओळीशेजारी कारण लिहा. आणि कोड कुणाला देताना रीडमीत जीसीसी आणि बिनयुटिल्सच्या आवृत्त्यांचे आकडे जरूर द्या.